नानजिंगचा छापखाना आणि भाऊंचा प्रश्न

आमच्या घरी 'बाबा' म्हटलं की बाबासाहेब. त्यामुळे वडलांना आम्ही सगळी भावंडं 'भाऊ' म्हणायचो. भाऊंचा नागपुरात छोटासा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, भिंतीला टेकवलेल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या केसेस आणि रॉकेलचा कायमचा वास. पोट लग्नपत्रिकांवर आणि बिलबुकांवर चालायचं. दसरा जवळ आला की मात्र पुस्तिका. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर त्या दोन-तीन दिवसांत जितकी पुस्तकं विकली जातात तितकी कुठे जत्रेत भजी विकली जात नसतील. कोणी कार्यकर्ता वहीत लिहिलेला मजकूर घेऊन यायचा, तासभर धम्मावर बोलायचा. भाऊ सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "छान आहे. कागदाचे पैसे कोण देणार?"

लहानपणी मला या प्रश्नाची लाज वाटायची. माणूस बुद्धाबद्दल बोलतोय आणि आमचे भाऊ कागदाचे भाव काढतायत.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी नानजिंगला गेले. मुलगी तिथे एमबीबीएस करत होती. शहरभर रस्त्याच्या दोन्ही कडांना चिनारासारखी उंच झाडं आहेत आणि त्या दिवसांत त्यांचा कापूस हवेत उडत असतो. पहिले दोन दिवस मी नुसती शिंकत होते. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तुला एक जागा दाखवायचीय. आजोबांना आवडली असती." तिच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी आधी विचारून ठेवलं होतं.

शिनजिएकोऊ हा तिथला ऐन बाजाराचा भाग, काचेच्या उंच इमारतींचा. त्याच्या अगदी जवळ, भिंतीआड, जुन्या कौलांचं आवार. ते 'जिनलिंग सूत्र मुद्रणालय'. जिनलिंग हे नानजिंगचं जुनं नाव. १८६६ साली सुरू झालेला हा छापखाना आजही लाकडी ठशांवरून बौद्ध ग्रंथ छापतो.

आत गेले आणि आधी नाक शोधू लागलं. शाईचा वास होता, पण आमच्यासारखा नाही. काजळीचा, जरा थंड. एक मुलगा लाकडाच्या फळीवर वाकून अक्षर कोरत होता. पातळ कागदावर मजकूर लिहितात, तो कागद फळीवर उलटा चिकटवतात आणि अक्षर सोडून बाकी सगळं लाकूड खरवडून काढतात. अक्षर कोरायचं नाही, अक्षराभोवतीचं नको ते काढायचं. बाजूच्या टेबलावर एक बाई छापत होत्या. ठशावर झावळीच्या तंतूंच्या ब्रशने शाई, वर कागद, कागदाच्या पाठीवरून तंतूंच्याच चपट्या गादीने दोन-तीन हात, आणि कागद उचलला की पान तयार. यंत्र नाही, दाब नाही. एका फळीतून एक कागद, तो मधोमध दुमडला की दोन पानं. मी त्यांचा हात बघत राहिले. कडेला शाई जास्त लागू नये म्हणून मनगट शेवटी जरा उचलत होत्या. भाऊ रूळ फिरवताना तसंच करायचे.

मी मुलीकरवी विचारलं, चूक झाली तर? आमच्याकडे चिमट्याने खिळा उपसायचा, दुसरा बसवायचा. इथे पूर्ण फळी फुकट? त्या बाई हसल्या. चुकलेलं अक्षर तेवढं खणून काढतात, त्या भोकात लाकडाची खुंटी ठोकतात आणि खुंटीवर नवं अक्षर कोरतात. त्यांनी एक जुना ठसा दाखवला. बोट फिरवलं तर दुरुस्तीची कड लागत होती.

कोठारात असे सव्वा लाख ठसे आहेत, पुस्तकांसारखे उभे मांडलेले.

हे सगळं ज्याने उभं केलं तो यांग वेनहुई भिक्खू नव्हता. बायकोमुलं, सरकारी नोकरी, सगळं असलेला उपासक. थायपिंग बंडात (त्या बंडखोरांचा स्वतःचा एक ख्रिस्ती पंथ होता आणि मूर्ती फोडणं हे त्यांचं धर्मकार्य) नानजिंग १८५३ ते १८६४ त्यांच्या ताब्यात होतं. विहार जळाले, ग्रंथ जळाले, चिनी मातीचा जगप्रसिद्ध मनोरा पडला. युद्ध संपल्यावर यांग शहराच्या बांधकाम खात्यात कामाला लागला. आजारपणात त्याच्या हाती एक बौद्ध ग्रंथ पडला, तो सुटेना. पण दुसरा मागावा तर मिळेना. जळालेल्या शहरात सूत्रं आणायची कुठून? म्हणून चार मित्र जमवून छापायला सुरुवात केली. पहिलं पुस्तक अमिताभ बुद्धाच्या सुखावती नावाच्या लोकाविषयीच्या सूत्रांचं. ठसे कोरायला पैसे लागत. पुढे तो चिनी वकिलातीबरोबर लंडन-पॅरिसला गेला, तिथून दुर्बिणी आणि इतर शास्त्रीय उपकरणं आणली, आणि तीही ठशांसाठी विकून टाकली.

लंडनमध्ये त्याला नानजो बुन्यू नावाचा जपानी भिक्खू भेटला. तो ऑक्सफर्डला माक्स म्युलरकडे संस्कृत शिकत होता. चीनमध्ये कित्येक शतकांपूर्वी नष्ट झालेले ग्रंथ जपानच्या विहारांत जपून ठेवलेले होते. नानजोने ते हुडकून यांगला पाठवायला सुरुवात केली, तीनशेच्या आसपास. असंग आणि वसुबंधू हे आपल्याकडचे आचार्य. त्यांचं तत्त्वज्ञान ह्युएन त्संगने सातव्या शतकात चिनी भाषेत नेलं, त्याच्या शिष्याने त्यावर टीका लिहिली, ती टीका चीनमधून नाहीशी झाली, जपानातून परत आली आणि नानजिंगच्या लाकडावर पुन्हा कोरली गेली. आपल्याकडे मूळ संस्कृतही किती उरलंय ते सांगायला नको.

मी परत आल्यावर जे मिळेल ते वाचत गेले. एक गोष्ट लवकर लक्षात आली. चीनमध्ये बौद्ध धर्माने डोकं वर काढलं की पाठोपाठ राजवाडा हजर, आणि राजवाडा आला की हिशेबाची वही आली.

यांगच्याही तीनशे वर्षं मागे, मिंग राजवटीच्या अखेरीस बघा. सम्राट वानली दरबारात येईनासा झालेला. त्याची आई, राजमाता ली, मोठी उपासिका, विहारांना सढळ हाताने देणारी. गादीवर कोणाला बसवायचं यावरून माय-लेकांत बिनसलेलं. आणि या भांडणात भिक्खू अडकले. हानशान नावाच्या भिक्खूने वुताय पर्वतावर वारसासाठी प्रार्थनेचा मोठा सोहळा केला होता, राजमाता त्याच्यावर प्रसन्न होती. १५९५ मध्ये त्याला पकडलं. आरोप काय, तर परवानगीशिवाय विहार बांधला. खरा रोख राजमातेकडे: तिने याला किती पैसे दिले ते वदवून घ्यायचं होतं. बेदम मारलं. हानशानने आत्मचरित्रात लिहिलंय की तो म्हणाला, राजवाड्याची वही काढून बघा. वही काढली. शानतोंगच्या दुष्काळात त्याच्या हातून वाटलेले पैसे तेवढे निघाले. जीव वाचला, पण चीवर उतरवून त्याला दक्षिणेच्या टोकाला हद्दपार केलं.

त्याचा मित्र झीबो वाचला नाही. झीबोबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे आणि त्याचं कारण व्यावसायिक आहे. १५८९ पासून त्याने संपूर्ण त्रिपिटक नव्याने कोरायला घेतलं. तोवर ते ग्रंथ घडीच्या लांबलचक पट्टीच्या रूपात असत. महाग, जडशीळ, विहारातच ठेवायचे. याने ठरवलं, दोऱ्याने शिवलेली साधी पुस्तकं काढायची. स्वस्त पडतील, कोणीही घरी नेईल. पैसे राजाकडून नव्हे, लोकांच्या वर्गणीतून. आधी वुताय पर्वतावर काम चालवलं, पण तिथली थंडी आणि दमट हवा सोसेना, म्हणून दक्षिणेला हलवलं. हा माणूस विहारात बसून राहिला असता तर शांतपणे म्हातारा झाला असता. पण खाणींवरच्या कराने लोक पिळून निघत होते, त्याविरुद्ध तो बोलत राहिला, आणि हानशानला सोडवण्यासाठी राजधानीत ठाण मांडून बसला. १६०३ च्या हिवाळ्यात गादीच्या वादावर एक निनावी पत्रक फिरलं. सरकारला कोणीतरी हवंच होतं. झीबो तुरुंगात मेला.

त्याच काळातला झूहोंग मात्र दरबारापासून चार हात लांब राहिला. हांगचौजवळ विहार, गृहस्थांसाठी मंडळं, बाजारातले मासे-पक्षी विकत घेऊन सोडून देणं. त्याने एक वही तयार केली होती, चांगल्या आणि वाईट कृत्यांना गुण देणारी. रोज रात्री मांडायचं: आज जमा किती, नावे किती. मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही तर आमच्या भाऊंची रोकड वही.

पुस्तकाच्या शेवटी दानदात्यांची नावं, किती पैसे दिले ते, ही प्रथा झीबोच्या ग्रंथांत आहे आणि यांगच्याही. नानजिंगच्या त्या आवारात मला जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान दाखवलं तेव्हा मी एकदम घरी पोचले. आमच्याकडे एका पुस्तिकेत असंच एका दात्याचं नाव राहून गेलं होतं. दोन हजार प्रती, दसऱ्याला चार दिवस. मशीन लग्नपत्रिकांत अडकलेलं. आई, भाऊ आणि आम्ही तिघं भावंडं रात्रभर नावाच्या चिठ्ठ्या कापून खळीने चिकटवत बसलो. पहाटे भाऊ म्हणाले, "मजकुरात चूक झाली तर एकाला कळते. नावात झाली तर साऱ्या मोहल्ल्याला."

यांगच्या काळाकडे परत येते. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतताना श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल शांघायला उतरले. यांगशी गाठ पडली. धर्मपालांना भारतात धम्म पुन्हा रुजवायला चीनची मदत हवी होती. चिनी भिक्खूंना सरकारची भीती. यांगच्या डोक्यात मात्र ते बसलं: भारतात जायचं तर संस्कृत आणि इंग्रजी येणारे भिक्खू हवेत. १९०८ मध्ये त्याने छापखान्याच्या आवारातच शाळा काढली. नाव ठेवलं जेतवन. हे वाचताना मी खुर्चीतून उठले होते. अनाथपिंडिकाने सुवर्णमुद्रा अंथरून विकत घेतलेलं श्रावस्तीचं जेतवन नानजिंगच्या गल्लीत! विद्यार्थी वीस-पंचवीसही नसतील. पैशाअभावी दीडेक वर्षात बंद पडली. पण त्या बाकांवर ताईश्यू बसला होता, जो पुढे चिनी बौद्ध सुधारणेचा सर्वांत मोठा आवाज झाला.

त्याआधीचा एक विद्यार्थी तान सितोंग. मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा, १८९६-९७ मध्ये नानजिंगला नेमणुकीची वाट बघत बसलेला. यांगकडे बौद्ध दर्शन शिकला आणि त्याच भरात 'रेनश्यू' लिहिलं. करुणेच्या, मैत्रीच्या बळावर सगळी बंधनं तोडा, राजा-प्रजेचंही, असा त्याचा सूर. १८९८ च्या उन्हाळ्यात तरुण सम्राटाने शंभर दिवस सुधारणा केल्या, त्यात तान होता. राजमाता त्सशीने डाव उलटवला. काही जण पळाले, हा पळाला नाही. २८ सप्टेंबरला पेकिंगच्या बाजारात त्याचं डोकं उडवलं. वय ३३. पुस्तक तो गेल्यावर छापलं गेलं.

त्याच वर्षी एका मोठ्या सुभेदाराने, झांग झीतोंगने, सुचवलं की देशभरातल्या दहांतल्या सात विहारांच्या शाळा कराव्यात, जमिनीही त्यांतच घ्याव्यात. इथे मी अडखळते. शाळा काढायच्या तर जागा हवीच, आणि ओसाड विहारात चार अडाणी भिक्खू बसून खंड खातायत हे यांगलाही खुपत होतं. भिक्खूंच्या अज्ञानावर त्याने जितकं कडक लिहिलंय तितकं विरोधकांनीही नसेल. पण गावोगाव पुढारी शाळेच्या नावाखाली जमिनी बळकावू लागले. घाबरून हांगचौकडच्या तीसेक विहारांनी चक्क जपानी पंथाचं छत्र घेतलं. परकी झेंडा लागला म्हणताच सरकार हललं आणि १९०५ मध्ये विहारांच्या मालमत्तेला हात लावू नका असा हुकूम निघाला. दानपत्र, सातबारा, ट्रस्टची फाईल याशिवाय विहार टिकत नाही, हे आमच्या वस्तीत कोणाला सांगावं लागत नाही.

ही लढाई शेवटपर्यंत लढला जीचान. हुनानचा गरीब पोरका मुलगा, शिक्षण जेमतेम, पण कवी मोठा. निंगपोजवळ अशोक विहार आहे (हो, आपला अशोक). तिथे बुद्धधातूंसमोर त्याने स्वतःची दोन बोटं जाळून अर्पण केली होती, म्हणून लोक त्याला आठ बोटांचा तापस म्हणत. मला हे असलं देहदंडन पटत नाही, बुद्धालाही पटलं नसतं. पण राज्य जाऊन प्रजासत्ताक आल्यावर १९१२ च्या नोव्हेंबरात हा साठी उलटलेला माणूस विहारांच्या जमिनींसाठी पेकिंगला सरकारी कचेरीत गेला, तिथे अपमान झाला, आणि मुक्कामी परतून रात्रीत वारला. त्याच्या मरणाने जे काम झालं ते अर्जांनी झालं नव्हतं. बौद्ध महासंघाच्या घटनेला मग मंजुरी मिळाली.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो: झांग ताययान. पंडित, क्रांतिकारक, तिरसट. १९०३ मध्ये त्याने सम्राटाचं नाव घेऊन लिहिलं की हा विदूषक, याला कडधान्य आणि गहू यांतला फरक कळत नाही. शांघायच्या तुरुंगात तीन वर्षं. तिथे त्याने असंगाचं 'योगाचारभूमी' सकाळ-संध्याकाळ वाचलं. १९०६ च्या जूनअखेरीस सुटून टोकियोला गेला. स्वागताच्या सभेत सांगून टाकलं, लोक मला वेडा म्हणतात, मी आहेच वेडा, क्रांतीला वेडच लागतं. आणि देशाला दोन गोष्टी हव्यात म्हणाला. त्यातली पहिली, धर्माच्या आधाराने लोकांत निष्ठा जागवणं. धर्म कोणता, तर बौद्ध, कारण तो समता मानतो आणि मरणाची भीती घालवतो.

१९०७ च्या एप्रिलमध्ये टोकियोतल्या भारतीयांनी एक उत्सव केला. झांग तिथे गेला आणि आपल्या मासिकात त्याचा वृत्तांत लिहिला. कसला उत्सव? 'शी-पो-छी' राजाचा. चिनी लिपीत शिवाजी असा होतो. महाराष्ट्रात लोकमान्यांनी सुरू केलेला शिवोत्सव कलकत्त्यामार्गे टोकियोपर्यंत पोचला होता. सभेला जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा आले आणि भाषणात इंग्रजांच्या राज्याची तारीफ करून भारतीयांना शांतपणे समाजसुधारणा करायचा सल्ला देऊन गेले. झांगचा तिळपापड झाला. परकी सत्तेशी झुंजलेल्या राजाच्या उत्सवात हे बोलायचं? शिवाजी महाराजांसाठी चिडलेला चिनी बौद्ध पंडित, याची नुसती कल्पना करून मी दुकानात एकटी हसले होते.

झांगला भारतात येऊन भिक्खू व्हायचं होतं. पैसे जमले नाहीत. मग १९०९ मध्ये टोकियोतच मिश्र नावाच्या भारतीय गुरूकडे संस्कृत शिकायची सोय केली, स्वतःच्या खिशातून अर्ध्या महिन्याची फी भरून ओळखीच्यांना बोलावलं. प्रसिद्ध चिनी लेखक लू शुनचा धाकटा भाऊ दोनदा बसला आणि फार अवघड म्हणून सोडून आला. मग झांगला सुचलं, नानजिंगच्या म्हाताऱ्या यांगला पत्र लिहावं. वेदान्त आणि महायान जवळचेच आहेत, ब्राह्मण गुरू इथे आहेत, तुमच्याकडचे विद्यार्थी संस्कृत शिकायला पाठवा.

यांगचं उत्तर मला नानजिंगच्या त्या शिक्षिकाबाईंनी फोनवर वाचून समजावलं. त्या जुनी चिनी सोपी करून सांगायच्या, मुलगी मला मराठीत. यांगचं वय तेव्हा सत्तरीपुढे. तो लिहितो, ब्राह्मणांचा मार्ग आणि बुद्धाचा मार्ग एकत्र करू म्हणता, तसं केलं तर सद्धर्मात गोंधळ माजेल आणि तो हळूहळू नाहीसा होईल, मला हे ऐकवतही नाही. मी मुलीला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही त्यांतलीच एक.

यांग ८ ऑक्टोबर १९११ ला गेला. दोनच दिवसांनी वुचांगला बंड पेटलं आणि बघता बघता दोन हजार वर्षांची सम्राटशाही संपली. नानजिंगला वेढा पडला तेव्हा त्याचा शिष्य ओउयांग ठसे राखत आवारातच बसून राहिला. यांगने सांगून ठेवलं होतं की ठसे जिथे असतील तिथेच मला ठेवा. मागच्या बाजूला त्याची समाधी आहे. मी तिथे उभी होते तेव्हा पलीकडे कोठाराचं दार उघडं होतं. आमचे खिळे २००४ मध्ये शिशाच्या भावाने किलोवर गेले. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं होतं, जागा हवी होती, सही माझीच होती.

फोनवर मी म्हटलं, झालं का पत्र? मुलगी म्हणाली, "थांब आई, अजून एक वाक्य आहे. संस्कृत शिकायला मुलं पाठवण्याबद्दल." मागे शिक्षिकाबाई काहीतरी सांगत होत्या, मुलगी 'हां, हां' करत होती, आणि मग तिला हसू आवरेना.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, छान आहे हो, छानच आहे. पण पैशाचं काय?"